बुरांशाला बांधलेला पार

थांबा. तो हार तिथंच ठेवा, अध्यक्ष. हो, शालसुद्धा. ताटात ठेवा आणि ताट खाली ठेवा. आधी मला बोलू द्या. मी आज रागात आहे! सकाळी तुमच्या वेशीत गाडीतून उतरलो ना, तेव्हापासून रागात आहे. पखवाजवाले, हात आवरा जरा. आज ठेका नको, आज नुसतं ऐका.

मंडळी, एक प्रश्न टाकतो. उत्तर लगेच देऊ नका. लगेच येतात ती पाठ केलेली उत्तरं. प्रश्न असा — एखाद्याचा मान करता करता त्याचा जीव घेता येतो का? शिव्या देऊन नाही हं, काठीनं नाही. हार घालून, पाया पडून, फोटो काढून! घेता येतो? ... माना हलताहेत. कुणाची 'नाही' म्हणून हलतेय, कुणाची पेंगेत हलतेय. ऐका तर मग!

साताऱ्याकडच्या घाटमाथ्यावर दांडेमाळ नावाचं गाव. तांबडी माती, चार महिने धो धो पाऊस आणि उरलेले आठ महिने धुकं. तिथं गोजराबाई आखाडे नावाची बाई. लेक सासरी, नवरा कधीच गेलेला. हिचं काम काय? एका पारशी बाईच्या बंगल्यात बाग राखायची. खोर्शेदबाई तिचं नाव. बंगला मोठा, बाग त्याहून मोठी, आणि बाईंचा हट्ट सगळ्यात मोठा!

हट्ट कसला? बाईंचं लहानपण गेलं वर, हिमालयात. वडिलांची नोकरी तिकडं, शाळा तिकडं. तिथं बुरांश नावाचं झाड असतं. फाल्गुन आला की लालभडक फुलं! एकेका फांदीच्या टोकाला वीस-वीस घंटांचा घोस. पानं दिसत नाहीत, डोंगरच्या डोंगर लाल. बाई लग्न होऊन आल्या आपल्याकडं, आणि म्हणाल्या, हे झाड मला माझ्या अंगणात पाहिजे. तीनदा रोपं आणवली. तीनदा मेली. चौथ्यांदा बी मागवलं.

बी कसं? तपकिरीएवढं बारीक! शिंक आली तर बाग गेली! गोजराबाईनं ते मातीत पुरलं नाही. परातीत ओलं शेवाळ पसरलं, त्यावर नुसतं भुरभुरलं, वर काच ठेवली. चाळीस अंकुर आले. किती जगले? एक! मंडळी, चाळिसातला एक.

त्या एकाला दोघी जणी दोन वर्षं सांभाळत होत्या. मग बंगला विकला गेला. बाई थकलेल्या, मुंबईला भाचीकडं निघाल्या. निघताना गोजराबाईला जवळ बोलावलं आणि कुंडी तिच्या हातात दिली. म्हणाल्या, "गोजरा, ह्याची मुळं खोल जात नाहीत. चटईसारखी वरच्यावर पसरतात. खणू नको, खुरपू नको, वर भर टाकू नको. पालापाचोळा घाल. पावसाचं पाणी साठवून दे, बोअरचं देऊ नको. आणि एक गोष्ट — ह्याला चुना दाखवू नको. कधीच नाही."

का हो? चुन्याचं एवढं काय वाकडं? वाकडं असं, की ते आंबट मातीतलं झाड. मातीत चुना मिसळला की त्याच्या मुळांना खाताच येत नाही. ताट वाढलेलं आणि तोंड शिवलेलं! पानं पिवळी पडतात, नुसत्या शिरा हिरव्या राहतात, आणि झाड उपाशी मरतं.

गोजराबाईच्या दारात सगळा कातळ. लावायचं कुठं? तिनं वाघजाईच्या देवळाच्या आवारात, जांभळाच्या सावलीला जागा धरली. गावाला काय, कुणी विचारलंसुद्धा नाही. आवार ती फुकट झाडायची, तेवढं गावाला ठाऊक! तिथं तिनं तो बुरांश नऊ वर्षं वाढवला. पत्र्याच्या पिंपात पावसाचं पाणी भरून ठेवायची. उन्हाळ्यात पिंप आटलं की झऱ्यावरून हंडा. रानातून कुजका पाला पाटीपाटीनं. पुरुषभर उंचीचं झुडूप झालं, गर्द हिरवं, पानांची पाठ रुपेरी.

आणि चुना? अहो, देवळात सकाळी चार म्हातारे तंबाखू मळत बसायचे. तंबाखू मळून झाली की चुन्याचं बोट कुठं पुसायचं? जे जवळ असेल त्याला! खांबाला, भिंतीला, झाडाला. — तिसऱ्या ओळीतले काका, हात मागं घेऊ नका, मी बघितलं! — तर एकानं बोट बुरांशाच्या बुंध्याकडं नेलं. गोजराबाई केरसुणी घेऊन धावली. "आबा! त्ये बोट धोतराला पुसा! माज्या झाडाला लावलंत तर उद्यापास्नं देवळात बसू द्येनार न्हाई!" म्हातारे हसले. पण तिनं जांभळाला खिळा ठोकला आणि जुन्या लुगड्याचा तुकडा टांगला. "चुना हितं पुसायचा." आणि मंडळी, नऊ वर्षं म्हातारे तिथंच पुसत होते! म्हातारी माणसंसुद्धा सांगितलं तर ऐकतात. ऐकत नाही ती कोण? ते पुढं येतंय.

दर वर्षी फाल्गुनात बाईंचा फोन यायचा. "गोजरा, फूल आलं का?" "न्हाई बाई. पानं लई झ्याक हाइत." "बरं." दर वर्षी हेच. बाई शहाऐंशीच्या झाल्या. एका डोळ्यानं दिसेनासं झालं, दुसऱ्यात मोतीबिंदू. आणि त्या वर्षी, मार्गशीर्षात, गोजराबाईला फांद्यांच्या टोकाला कळ्या दिसल्या. अंगठ्याएवढ्या, टणक. सात! तिनं तीनदा मोजल्या. आपण होऊन पहिल्यांदा तिनं मुंबईला फोन लावला, आणि फोनवर ती नुसतीच हुंदके देत होती. बाई घाबरल्या. "काय गं, कोण गेलं?" "कोन न्हाई गेलं बाई. कळ्या धरल्यात. सात!"

बाई म्हणाल्या, "फाल्गुनात येते. एका डोळ्यानं का होईना, बघते. त्याच्यानंतर तो डोळा गेला तरी चालेल."

एवढंच होतं बघा गोजराबाईचं मागणं देवापाशी. फाल्गुनापर्यंत सात कळ्या राहू देत. पहिलं फूल वाघजाईला, दुसरं बाईंच्या ओंजळीत.

माघात लेकीचं बाळंतपण निघालं. लेक कोरेगावला. गोजराबाई तीन आठवड्यांसाठी गेली. जाताना म्हाताऱ्यांना सांगून गेली, "झऱ्याचं पानी चार दिसांनी एक हंडा. बाकी हात लावू नका." म्हातारे हो म्हणाले.

आता एन्ट्री कुणाची? देवस्थान कमिटीचे अध्यक्ष धनाजीराव! माणूस वाईट नाही हं. खोटं बोलणार नाही, पाच रुपये कुणाचे खाणार नाही. गावात सप्ताह ठरलेला, काल्याला मोठे कीर्तनकार येणार म्हणून कमिटी बसली. धनाजीराव म्हणाले, "बुवा येनार, फोटो निघनार, पेपरात येनार. आवारात दाखवायला आपल्याकडं काय हाय? एक त्ये हिमालयातलं झाड हाय! आक्ख्या जिल्ह्यात न्हाई. आन् त्ये कसं उभं हाय बगा, पाल्यात, कचऱ्यात! आपल्या देवीच्या दारातलं झाड असं?" सगळे म्हणाले, खरंच की! लाजच वाटली हो लोकांना. मग काय करायचं? मान करायचा! मराठी माणूस झाडाचा मान कसा करतो? पार बांधतो!

पार! पहिल्यांदा कचरा काढला. कचरा म्हणजे काय, कळलं का? नऊ वर्षांचा पालापाचोळा, मुळांचं पांघरूण! ते ओढून पेटवून दिलं. मग बुंध्यापासून दोन हातांवर गोल चर खणला. गवंडी म्हणाला, "बारीक मुळ्यांची लई जाळी लागतीय." अध्यक्ष म्हणाले, "तोड, नवी फुटतील." विटा लावल्या, आत गुडघाभर मुरूम दाबला, वर सिमेंटचा कोबा. बुंधा सिमेंटमधून वर आलेला. मग पाराला चुना! त्यावर गेरूचा पट्टा! झाडाच्या बुंध्यालाही कमरेपर्यंत चुना-गेरू, हे तर आपलं ठरलेलंच. आणि वेशीपासून पारापर्यंत दोन्ही बाजूंनी चुन्याच्या फक्कीची पांढरी रेघ.

एक म्हातारा म्हणाला, "धना, गोजरा चुना नगं म्हनायची." धनाजीराव म्हणाले, "आबा, तिला काय कळतंय? त्ये तंबाखूच्या बोटाचं वायलं. ह्यो मानाचा चुना हाय!"

मानाचा चुना! मंडळी, ऐका, ऐका हे शब्द! मुळांना कळतं होय, मानाचा कुठला आणि तंबाखूचा कुठला?

आणि सांगू? सिमेंटला पाणी मारावं लागतं. आठ दिवस, सकाळ-संध्याकाळ, धनाजीराव स्वतः पाइप धरून उभे. बोअरचं पाणी! अध्यक्ष माणूस, गडी लावू शकला असता, पण नाही, भक्ती! भक्तीनं पाणी मारत होता आणि खाली चुन्याचं पाणी झिरपत होतं. मला त्याची चीड येते, आणि मला त्याची कीवही येते, आणि मला कळत नाही कुठली जास्त.

काल्याच्या दिवशी सकाळी गोजराबाई एस्टीतून उतरली. नातू झालेला, डोक्यावर गाठोडं, खुशीत. फक्कीची रेघ बघितली. रेघेच्या कडेकडेनं चालत आली आणि देवळापाशी थबकली. पांढरा पार! वर बोर्ड! पानं मिटून खाली लोंबलेली, कळ्यांची टोकं तपकिरी. गाठोडं तिथंच टाकलं तिनं. खुरपं काढलं आणि कोबा खरवडायला बसली. खुरप्याचं टोक मोडलं. कोबा तसाच.

शेजारी मंडप भरलेला. कीर्तनकारबुवा रंगात आलेले. विषय काय होता, सांगू? वृक्ष! वृक्षाचा परोपकार! झाड कसं उन्हात उभं राहून दुसऱ्याला सावली देतं वगैरे. लोक डोळे पुसत होते. गोजराबाई मोडकं खुरपं घेऊन मंडपात शिरली, बायकांच्या मधून वाट काढत पुढं आली आणि म्हणाली, "एक पहार द्या."

बुवा थांबले. "काय म्हणालात, माउली?"

"पहार. त्यो पार फोडायचाय. झाड मरतंय माजं. आत्ता फोडला तर जगंल. दुसरं काय न्हाई मागत. कुनीतरी एक पहार द्या."

धनाजीराव उठले. "मावशे, देवीच्या दारातला पार फोडायचा? पाप लागंल! बस खाली." ती बसली नाही. बुवांकडं बघत राहिली. बुवांनी एक शब्द उच्चारला असता ना, वीस पहारी आल्या असत्या! बुवांचा शब्द त्या गावात देवीच्या खालोखाल. बुवा काय म्हणाले? हसले. गोड हसले. आणि म्हणाले, "माउली, भगवंताचं नाव चाललंय. झाडाचं नंतर बघू. बसा खाली." आणि मंडपभर हशा पिकला.

मंडळी, तो बुवा कोण होता, विचारा ना! विचारायला जीभ अडते? मी सांगतो. हाच! हा, ज्याला तुम्ही आत्ता हार घालत होता! त्या पारावर बोर्ड होता तो माझा. 'ह.भ.प. तात्याबुवा कोंढेकर यांच्या शुभागमनाप्रीत्यर्थ.' लाल अक्षरात. कीर्तनानंतर त्या पारापाशी उभा राहून मी फोटो काढला. जेवलो, शाल घेतली, गाडीत बसलो. 'नंतर बघू' म्हणालो होतो, त्या झाडाकडं वळून पाहिलंसुद्धा नाही!

हसा की आता! का, आता हसू येत नाही?

फाल्गुनात खोर्शेदबाई आल्या. शहाऐंशी वर्षांची बाई, घाट चढून, उलट्या करत. भाचीनं धरून पाराशी आणलं, खुर्ची टाकली. बाईंना धड दिसत नव्हतं. म्हणाल्या, "गोजरा, कुठल्या फांदीला आहे? हात लावून दे."

गोजराबाईनं त्यांचा हात धरून एका कळीवर ठेवला. बाईंनी अंगठ्यानं दाबली. कळी चुरगळली, भुसा झाला. बाईंनी मग पान चाचपलं, बुंधा चाचपला, बोटाला पांढरं लागलं. ते बोट त्यांनी डोळ्याजवळ नेलं आणि विचारलं, "ह्याला चुना दाखवलास?"

मंडळी, धनाजीराव तिथं उभे होते. चारही म्हातारे होते. अर्धं गाव होतं. गोजराबाईनं एकाकडं बोट दाखवलं असतं तर? माझ्या नावाचा बोर्ड हातभरावर होता! ती काय म्हणाली माहितेय? "व्हय बाई. माज्याच्यानं राखवलं न्हाई."

आमचं पाप पदरात घेतलं तिनं, आणि गाव गप्प! धनाजीराव गप्प! एकाच्या तोंडून निघालं नाही की बाई, हिचा दोष नाही. नुसते पायाच्या अंगठ्यानं माती उकरत उभे. लाज नावाची वस्तू त्या दिवशी दांडेमाळातून कुठं गेली होती?

बाईंनी तिच्या हातावर थोपटलं. "असू दे," म्हणाल्या. आणि उठता उठता माळीणच शेवटी, सगळ्यात खालची फांदी वाकवून बघितली. "ही अजून जिवंत आहे. पाटीत रानातली माती भर आणि हिला वाकवून त्यात दाब, मुळं फुटतील." एवढं बोलून गेल्या. पावसाळ्यात, मुंबईला, वारल्या. फूल न बघता. आणि आपली गोजरा चुकली असं मनात घेऊन!

दुसऱ्या वर्षी मला पुन्हा दांडेमाळचं आमंत्रण. गाडीतून उतरलो तर पार झक्क, चुना ताजा, बोर्ड ताजा, आणि मधोमध काय? वीतभर खुंट. पारावर चौघं पत्ते खेळत बसलेले. मी विचारलं, झाड कुठाय? धनाजीराव म्हणाले, "परदेशी झाड बुवा, हवा मानवली न्हाई." हवा! त्या दिवशी मला त्या बाईचं मोडकं खुरपं आठवलं. कीर्तन सोडलं आणि तिचं घर विचारत गेलो. दारात बसली होती. "आता आलात?" एवढंच म्हणाली. मग सगळं सांगितलं, बाईंच्या बोटाला लागलेल्या चुन्यापर्यंत. मी पाया पडायला वाकलो तर पाय मागं घेतले तिनं.

घराच्या मागं उतार आहे, तिथं कातळात एक घळ. आपल्या हातानं रानातली माती भरून, पाला भरून तिनं दाबाची फांदी तिथं लावली होती. मुळं फुटलेली. देवळापासून लांब, कमिटीपासून लांब. चार वर्षं कुणाला सांगितलं नाही, मलाही नाही. आणि गेल्या महिन्यात तिचा निरोप आला. "या. एकटं या. हार-बिर आनू नका."

गेलो. गुडघाभर झुडूप, आणि त्याला एक घोस. एकच! लाल. मंडळी, मी देव पाहिला म्हणणारे पुष्कळ भेटलेत मला, आणि मीही कधी कधी तसं म्हणतो. त्या दिवशी मात्र मी लांबच उभा राहिलो. जवळ जायची लायकी वाटेना. मी म्हणालो, "आई, माफ करा."

ती भडकली! पाच वर्षांचं साठलेलं निघालं. "माफी काय करायची मला? चुलीत घालू? बाईच्या डोळ्याला फूल दावता आलं न्हाई, त्ये माफीनं दावता येतंय का? तुमच्यापुढं उभी राहून पहार मागितली मी, कापडं मागितली न्हाई, पैसं मागितलं न्हाई, आन् तुमी हसलात! देवाचं नाव घेत हसलात!" मग जरा वेळानं, पाल्याची पाटी माझ्या हातात देऊन म्हणाली, "मान तर तुमास्नी गावोगाव मिळत आसंल. घ्यायच्या आदी, झाडाचा बुंधा बगत जावा." मी पाटी घेतली, तिनं दाखवलं तिथं पाला पसरला, आणि परत आलो.

तर अध्यक्ष, सकाळी तुमच्या वेशीत उतरलो आणि बुंधा बघितला! देवळाच्या दारात बकुळ आहे तुमची. किती वर्षांची? साठ? सत्तर? माझ्यासाठी दोन महिने आधीच तिच्याभोवती कोबा केलाय म्हणे. गळ्याशी आणलाय! थेंबभर पाणी आत जायला फट ठेवलेली नाही. वर चुना, वर गेरू, वर माझं नाव! तिचा शेंडा वाळायला लागलाय, तुमच्यापैकी किती जणांनी मान वर करून बघितलं? तुम्ही म्हणाल, बुवा, बकुळ काय बुरांश आहे का, ती चिवट, ती सोसते. हो, सोसते! सोसतं त्याचाच गळा आवळायचा असतो का? घरातली आई सोसते. तिच्या ऐंशीव्या वाढदिवसाला मंडप घालता, डीजे लावता, फ्लेक्सवर तिच्याहून मोठा तुमचा फोटो, आणि ती बिचारी आतल्या खोलीत कानात कापूस घालून बसते. तिला विचारलं होतं, तुला काय पाहिजे? विचारलं होतं का? तिला गरम भाकरीचा मऊ पापुद्रा पाहिजे होता हो, एवढंच!

देवालाही आपण हेच करतो. त्याला काय हवं ते विचारायचं नाही. आपल्याला काय मिरवायचं ते त्याच्या अंगावर थापायचं. आणि मी? मी त्या थापण्याचं निमित्त. गावोगावचं निमित्त! दहा गावांत माझ्या नावाचे पार आहेत, त्यातली किती झाडं जिवंत आहेत, मला ठाऊक नाही. जाऊन बघायचा धीर होत नाही.

म्हणून आज आरती नाही. काला नाही, प्रसाद नाही. हा हार मी घेणार नाही आणि ही शालही नाही. टाळकरी, टाळ खाली ठेवा. पेटी बंद करा. अध्यक्ष, इकडं बघा, पायाकडं नको. गोजराबाईनं जे मागितलं होतं तेच मी मागतोय. त्या मंडपात पहार आणायला कुणी उठलं नव्हतं.

एक पहार द्या!

... बसलात का अजून?